स्वयंपाकघरातील नियोजन

आठवडाभराच्या जेवणाची आखणी आधीच करून ठेवावी, यादी करूनच बाजारात जावे, यादीबाहेरची वस्तू पिशवीत पडू देऊ नये, म्हणजे महागाईतही संसार नीट चालतो, असा उपदेश अलीकडे वारंवार कानी पडतो. उपदेश खोटा नाही. परंतु ज्यांना तो केला जातो त्यांच्यापैकी बहुसंख्य स्त्रिया हे काम वर्षानुवर्षे, कागद-पेन्सिलीवाचून, बिनचूक करीत आल्या आहेत. आणि उपदेश करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी बाजाराची पिशवी कधी हातात धरलेली नसते. मीही या दुसऱ्या वर्गातलाच होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

तीस वर्षांहून अधिक काळ मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. ग्राहकाचा समतोल, घटती सीमांत उपयोगिता, समवृत्ती वक्र हे सारे फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवले. निवृत्तीनंतर पत्नीच्या गुडघेदुखीमुळे घरचा बाजार माझ्याकडे आला, आणि पहिल्याच महिन्यात माझ्या विद्वत्तेची परीक्षा झाली. भाव थोडा उतरलेला पाहून मी पाच किलो तूरडाळ एकदम उचलली. दिवस पावसाळ्याचे. डाळीला ऊन दाखवायचे असते हे मला ठाऊक नव्हते. पंधरा दिवसांत तिला कीड लागली. मेथी, शेपू आणि कोथिंबीर स्वस्त मिळाली म्हणून एकाच दिवशी आणली, आणि तिसऱ्या दिवशी निम्मी टाकून दिली. पत्नी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तुम्ही भाव बघून घेता. बाजार दिवस बघून करायचा असतो.”

या एका वाक्यात माझ्या पाठ्यपुस्तकातील एक मोठी उणीव सांगितली गेली होती. आमचा ग्राहक एका क्षणी, एका किमतीला, दोन वस्तूंमध्ये निवड करतो. घरातील बाईला मात्र सात दिवस, चौदा जेवणे, चार-पाच तोंडे आणि एकच लहानशी रक्कम यांची सांगड घालावयाची असते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंशी याविषयी बोललो तेव्हा हा विषय अधिक स्पष्ट झाला. त्यांच्या घरी चार माणसे. नवरा रंगकाम करतो. त्याचा हिशेब शनिवारी होतो. म्हणून त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी सकाळी त्या किराणा घेतात. भाजीला मात्र रात्री नऊनंतर जातात, कारण उरलेला माल त्या वेळी ढिगाने मिळतो. खरेदीचा क्रम ठरलेला आहे. आधी तेल, मग डाळ, मग मीठ-मिरची-चहा-साखर, उरले तर भाजी, त्यातून उरले तर मुलांसाठी अंडी. “तेल संपलं की काहीच शिजत नाही सर. भाजी नसली तरी चालतं.”

जेवणाची आखणीही त्यांनी तोंडपाठ सांगितली. पालेभाजी टिकत नाही, म्हणून ती रविवारी आणि सोमवारी. मटकी रविवारी रात्री भिजत घातली की मंगळवारी मोड आलेली उसळ होते. भिजल्याने ती फुगते आणि लवकर शिजते, म्हणजे गॅस वाचतो. बटाटा, भोपळा, कोबी अशा टिकाऊ भाज्या बुधवारवर ढकलायच्या. गुरुवारी पिठले, कारण वाटीभर बेसनात चौघांचे भागते. शुक्रवारी पातळ आमटी आणि भात. शनिवारी हिशेब हाती येईपर्यंत भाकरी, ठेचा आणि असलेच तर शेंगदाण्याचे कूट. रात्रीचा भात सकाळी फोडणीला पडतो, उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो. घरात काही वाया जाते का, असे मी विचारले तेव्हा त्यांना प्रश्नच नीट कळला नाही.

दिल्लीतील नियोजन आयोग १९५० साली स्थापन झाला आणि २०१५च्या आरंभी त्याच्या जागी दुसरी संस्था आली. या दुसऱ्या आयोगाला मात्र कोणी बरखास्त करू शकलेले नाही. दुर्मिळ साधने, अग्रक्रम, साठवण, पर्यायी वस्तू, इंधनाची बचत, हंगामाचे भान, ही नियोजनाची सर्व अंगे त्यात आहेत. म्हणून ‘गरिबांना खर्च करता येत नाही, त्यांना नियोजन शिकवले पाहिजे’ या म्हणण्यात मला अज्ञान दिसते, आणि थोडा उद्दामपणाही. प्रश्न आखणीचा नाही. आखणी ज्या रकमेची करावयाची ती रक्कम किती, हा प्रश्न आहे.

ती रक्कम आपण एकदा नीट मोजून पाहू. भारतीय श्रम परिषदेच्या १५व्या अधिवेशनाने १९५७ साली गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरवले. एका मिळवत्या माणसामागे तीन उपभोग-एकके धरावीत आणि डॉ. आयक्रॉयड यांच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ भारतीयाला लागणारा आहार हिशेबात घ्यावा, असे त्यात म्हटले होते. तो आहार दिवसाला २,७०० उष्मांकांचा होता. मी त्याहून हात आखडता घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अलीकडे सुमारे २,००० उष्मांकांचे जे ताट आखून दिले आहे, त्यात प्रौढ माणसाला रोज साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम तेलबिया वा सुका मेवा आणि २७ ग्रॅम तेल धरले आहे. तीन एकके आणि सात दिवस, म्हणजे या प्रत्येकाला २१ने गुणावयाचे.

आमच्या भागातील वाण्याचे आणि मंडईचे ढोबळ भाव मी लावले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे लावून पाहावेत. डाळी पावणेदोन किलोंहून थोड्या अधिक, किलोला १२० रुपये धरले तर २१४ रुपये. दूध सहा लिटरांहून थोडे अधिक, ३७८ रुपये. भाजी सव्वाआठ किलोंहून थोडी अधिक, सरासरी ४० रुपयांनी ३३६ रुपये. तेल अर्ध्या किलोहून थोडे अधिक, ८५ रुपये. फळे म्हणजे केळी आणि पेरू, १६८ रुपये. सुक्या मेव्याच्या जागी शेंगदाणे, ८८ रुपये. धान्य सव्वापाच किलो लागते. चौघांच्या शिधापत्रिकेवर महिन्याला २० किलो, म्हणजे आठवड्याला सुमारे साडेचार किलो मिळते. वरचे धान्य विकत घ्यावयाचे, ३० रुपये. एकूण जवळजवळ १,३०० रुपये. यात मीठ, मसाला, चहा, साखर आणि गॅस नाही.

बाईंची पिशवी ९०० रुपयांची आहे, आणि तीत हे सारे यावयाचे आहे.

जगातील कोणतीही आखणी ९०० रुपयांत १,३०० रुपयांचे जिन्नस बसवू शकत नाही. आखणी एवढेच करू शकते की जे कमी पडणार आहे ते कोणत्या दिवशी, कोणत्या पदार्थात आणि कोणाच्या ताटात कमी पडावे हे ठरवते. बाईंच्या घरी दूध चहापुरते येते, फळ सणाला येते, आणि डाळ आठवड्याला पाऊण किलो लागते. पोट भरते ते धान्यावर.

येथे शासनाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने देशाच्या दोनतृतीयांश लोकसंख्येला माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३पासून ते धान्य मोफत मिळू लागले, आणि जानेवारी २०२४पासून पुढील पाच वर्षे ते मोफतच राहील असे ठरले. ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला आहे, सुकडीसाठीच्या रांगा आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो पाहिली आहे, त्यांना तिची किंमत अधिक कळेल. त्या वेळी मी शाळेत होतो. धान्य नसलेल्या घराची शांतता कशी असते ते मला आठवते.

तथापि या व्यवस्थेत दोन मोठी भगदाडे आहेत. पहिले, तिच्यात कोणाला घ्यावयाचे याचे. कायद्यानंतर महाराष्ट्रात लाभार्थी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये ठरवण्यात आली. वर्षाला ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. नवरा-बायको दोघे राबत असतील, तर ते प्रामाणिकपणे या मर्यादेत कसे बसणार? शिवाय देशभरातील लाभार्थ्यांची संख्या २०११च्या जनगणनेवर बेतलेली. २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली मुले भुकेच्या हिशेबात आहेत, धान्याच्या हिशेबात नाहीत.

दुसरे भगदाड अधिक खोल आहे. आपण भुकेचा विचार उष्मांकांत करतो, म्हणून धान्य दिले की कर्तव्य संपले असे वाटते. या विचाराची मुळे पुण्यातच आहेत. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या विख्यात ग्रंथात २,२५० उष्मांकांची कसोटी लावली. पुढे नियोजन आयोगाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक धरून दारिद्र्यरेषा आखली. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या कसोटीविषयी मूलभूत शंका उपस्थित केल्या आणि दांडेकरांशी त्यांचा दीर्घ वाद झाला. त्या थोरांच्या वादात मी पडत नाही. दारिद्र्य मोजण्यासाठी ती कसोटी आवश्यक होती. परंतु मोजपट्टी म्हणून जी रेषा काढली तीच पुढे धोरणाची सीमा होऊन बसली. माणसाला गहू-तांदूळ दिला म्हणजे जेवण दिले असे होत नाही. डाळ, तेल, भाजी, दूध, अंडे यांपैकी काहीतरी भाकरीबरोबर लागते, आणि महागाईचा तडाखा नेमका त्यांच्यावरच बसतो. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. २०२३च्या जुलैत टोमॅटो अनेक शहरांत शंभरीपार गेले. आपले निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते, म्हणून मलेशियातील वा युक्रेनमधील घडामोडी आपल्या फोडणीपर्यंत पोहोचतात.

यावर असे म्हटले जाईल की भाव पाडा, म्हणजे झाले. हा उपाय समाजवाद्याने स्वीकारता कामा नये. २०१५च्या भाववाढीनंतर शेतकऱ्याने तूर भरपूर पेरली. २०१७ साली बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव जाहीर असताना मराठवाडा-विदर्भातील शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर पोती घेऊन दिवसेंदिवस ताटकळले, आणि अनेकांनी कमी भावात माल विकला. शहरातील बाईला डाळ महाग आणि गावातील बाईला तूर मातीमोल, अशी ही व्यवस्था आहे. दोघींचे हितसंबंध विरोधी आहेत असे भासवले जाते. २०२३च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद करताना हेच भासवले गेले. वास्तविक दोघींच्या मध्ये जो उभा आहे त्याच्याविषयी बोलणे टाळण्यासाठी हा सारा खटाटोप असतो. शासनाने हमीभावाने तूर-हरभरा खरेदी करून तो रेशनवर दिला, तर दोघींचीही सोय होते. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ आणि पामतेल सवलतीने मिळते; ते राज्य काही दिवाळखोर झालेले नाही. महाराष्ट्रानेही २०२२च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले होते. म्हणजे यंत्रणा हे करू शकते. मात्र वर्षाचे आठवडे ५२ असतात आणि दिवाळी एकदाच येते.

गरिबीची आणखी एक किंमत आहे, आणि ती कोणत्याही निर्देशांकात नीट उमटत नाही. मी पंधरा किलोंचा तेलाचा डबा एकदम घेतो तेव्हा मला किलोमागे कमी पैसे पडतात. बाई वीस-तीस रुपयांचे तेल घेतात, त्यांना अधिक पडतात. चहाची पुडी, साबणाची वडी, मसाल्याचे पाकीट, सगळीकडे हेच. भांडवल नसल्याची शिक्षा रोज, किलोमागे, ग्रॅममागे भरावी लागते. यावरचा उपाय आपल्या चळवळीने पूर्वीच शोधला होता. १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी सहकारी ग्राहक भांडार काढले. तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून, दुकान न मांडता, घाऊक मालाचे वाटप करून दाखवले. त्या पद्धतीचा लाभ मुख्यतः मासिक पगार असलेल्या मध्यमवर्गाला झाला, कारण पैसे आगाऊ भरावे लागतात. आठवड्याच्या हिशेबावर जगणाऱ्या वस्तीत ते कसे जमावे? एखाद्या शाखेने पंचवीस कुटुंबांसाठी एका आठवड्याच्या डाळ-तेलाएवढी रक्कम, वीस हजारांच्या आतलीच, फिरते भांडवल म्हणून उभी केली, तर जमू शकते. एखाद्या सभेच्या मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला तेवढा खर्च सहज येतो.

रोख रकमेचा मुद्दाही टाळता येणार नाही. २०२४च्या जुलैपासून राज्यातील पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना सुरू झाली. आपल्या वर्तुळात तिची मते-खरेदी म्हणून थट्टा होते. थट्टा करणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. १,५०० रुपये म्हणजे आठवड्याला सुमारे ३४५ रुपये. वर दाखवलेली तूट ४०० रुपयांची आहे. म्हणजे ही रक्कम क्षुल्लक नाही. मी बाईंना विचारले, तो पैसा पिशवीत येतो का? त्या म्हणाल्या, “नाही सर. तो मुलीच्या क्लासला जातो. पिशवीला उरेल ते.”

‘उरेल ते’ या दोन शब्दांनी मला फार विचार करावयास लावले. अन्न ही प्राथमिक गरज, म्हणून तिची मागणी ताठर, असे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगितले. प्रत्यक्षात खोलीचे भाडे, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, औषधे, बसभाडे यांतले काहीच कमी करता येत नाही. घरमालक थांबत नाही, सावकार थांबत नाही. थांबू शकते ते फक्त पोट. म्हणून गरीब घरात सर्वांत लवचीक खर्च अन्नाचाच ठरतो. २०२३–२४च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबांत सुमारे ४० टक्के निघाला. काही दशकांपूर्वीपेक्षा हा वाटा बराच कमी आहे, आणि एंगेलच्या नियमाप्रमाणे तो समृद्धीचा पुरावा मानला जातो. अनेकांच्या बाबतीत तो तसा असेलही. परंतु भाडे आणि फी वाढल्यामुळे ताट आखडले तरीदेखील तोच आकडा खाली येतो, हे विसरता कामा नये.

आणि त्या आखडलेल्या ताटांतही सगळी ताटे सारखी नसतात. तीन उपभोग-एककांच्या त्या हिशेबात रूढ वाटणी अशी, की पुरुषाचे एक, दोन मुलांची प्रत्येकी ०.६ आणि पत्नीचे ०.८. कागदावर तिला ०.८ तरी दिलेले आहे. शनिवारी पातेल्याच्या तळाशी काय उरते, ते कोणी मोजलेले नाही. मुलांच्या बाबतीत तर आपण आणखी निष्ठुर आहोत. २०२३च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले आणि २०२५च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी काढून घेतला. आठवड्यातील एक अंडे! जी बाई आठवड्याच्या पिशवीत शेवटी, उरले तरच, अंडी घेते, तिच्या मुलाच्या वाट्याचे एक अंडे.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि त्यांच्या सहकारी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरुद्ध एकत्र आल्या. मुंबईच्या रस्त्यावर हजारो स्त्रिया लाटणी घेऊन उतरल्या. त्या आंदोलनाचे मोठेपण घोषणांत नव्हते. तेल, साखर, रॉकेल यांचा हिशेब त्या स्त्रियांना पैशा-पैशापर्यंत पाठ होता, म्हणून मंत्र्यांना त्यांना फसवता आले नाही. आज आपल्या बैठकांत महागाईवर ठराव होतात, पण उपस्थित पुरुष कार्यकर्त्यांपैकी किती जणांना आजचा तूरडाळीचा भाव सांगता येईल? ज्याला पिशवीचे वजन माहीत नाही त्याच्या ठरावालाही वजन येत नाही.

म्हणून मागण्या मांडावयाच्या त्या सरळ आहेत. रेशनवर गहू-तांदळाबरोबर डाळ आणि तेल नियमितपणे मिळावे. ज्वारी, बाजरी, नाचणी स्थानिक शेतकऱ्यांकडून हमीभावाने घेऊन त्याच भागात वाटावी. कायद्यात भरड धान्याची तरतूद आहेच. उत्पन्नाची कालबाह्य मर्यादा बदलावी. शाळेतील अंडे परत यावे. आणि किमान वेतन ठरवताना १९५७चा हिशेब दर वर्षी बाजारभावाने पुन्हा मांडला जावा, आणि तो मांडणाऱ्या समितीवर घर चालवणाऱ्या कष्टकरी स्त्रिया असाव्यात.

आणि एक विनंती, विशेषतः पुरुष कार्यकर्त्यांना. एक महिनाभर घरचा बाजार स्वतः करा, तोही ठरलेल्या रकमेत. डाळीला कीड लागेल, कोथिंबीर सडेल, घरचे हसतील. हसू द्या. मी साठी उलटल्यावर जे शिकलो ते तुम्ही तिशीत शिकाल, आणि मग वस्तीतील बाईला नियोजन शिकवायला जाणार नाही. तिच्याकडून ते समजून घ्याल, आणि पिशवीत जे कमी पडते आहे ते मागायला तिच्याबरोबर जाल.